डोंगरी आणि डोंगर

पोरगं फारच हाताबाहेर जायला लागलं की मुंबईतली आई एक धमकी हमखास देते: ‘थांब, डोंगरीला टाकते तुला!’ डोंगरी म्हणजे उमरखाडीचं रिमांड होम. धमकी देणाऱ्या आईने ते पाहिलेलं नसतं, पोराने तर नसतंच नसतं. पण नाव ऐकलं की दोघांनाही उंच भिंत दिसते. आणि मुलुंड पश्चिमेला, जिथे वस्ती संपून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुरू होतं, तिथे ही धमकी ऐकणाऱ्या पोराच्या दारातून खराखुरा डोंगर दिसत असतो. पावसाळ्यात हिरवा, मार्चनंतर पिवळा, संध्याकाळी काळा. डोंगरीचं नाव त्याने शंभरदा ऐकलेलं असतं. डोंगरावर मात्र त्याला कुणी नेलेलं नसतं.

या प्रकरणात बोलायचं आहे ते या दोन जागांबद्दल.

डोंगरीचा इतिहास आपल्याला शाळेत वेगळ्या वाटेने भेटतो. कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर १८८२ साली १०१ दिवस ज्या तुरुंगात राहिले तो हाच. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. पुढे मुलांसाठी स्वतंत्र कायदा आला, १९२४ चा. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि त्या जुन्या तुरुंगाच्या आवारात मुलांचं निरीक्षणगृह चालू लागलं. हेतू चांगलाच होता. मोठ्या गुन्हेगारांच्या कोठडीतून मुलांना बाहेर काढायचं, त्यांना शिकवायचं, घरी परत पाठवायचं. पण भिंती मोठ्यांच्या तुरुंगासाठी बांधलेल्या होत्या, आणि भिंतीचा धाक संस्थेच्या हेतूपेक्षा जास्त लांब पोचला.

आजचा कायदा २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. तो या मुलांना गुन्हेगार म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे, पण त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. मुलावर शिक्का बसेल अशी भाषा वापरायची नाही, त्याचं नाव छापायचं नाही, त्याला नव्याने सुरुवात करता आली पाहिजे, हे सगळं त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. बाल न्याय मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकतं, समूह समुपदेशनाला आणि तशाच उपक्रमांना पाठवू शकतं, समाजसेवा करायला सांगू शकतं, परिवीक्षेवर सोडू शकतं. विशेष गृहात ठेवणं हा त्यातला एक पर्याय, तोही जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी. ‘तशाच उपक्रमांना’ या दोन शब्दांत मुलांना डोंगरावर नेण्यासाठी फट आहे. तरी मला मंडळापर्यंत पोचलेल्या मुलापेक्षा अजून न पोचलेल्या मुलाबद्दल जास्त सांगायचं आहे.

तो मुलगा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. आठवीत गणित अडतं. नववीत शाळेला दांड्या सुरू होतात. घरात दुपारी झोपायला जागा नसते, म्हणून नाका हेच घर होतं. नाक्यावर आधी तंबाखू येते, मग व्हाइटनरमध्ये भिजवलेला रुमाल, मग बटण नावाच्या झोपेच्या गोळ्या. शेवटी एमडी. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ही पावडर फेब्रुवारी २०१५ पर्यंत अमली पदार्थांच्या कायद्यात नव्हतीच, त्यामुळे ती मुंबईच्या गल्ल्यांत पसरली तेव्हा पोलिसांच्या हातात कलमही नव्हतं. या सगळ्याला पैसा लागतो, म्हणून मोबाइल उचलला जातो, आणि मोबाइल विकून देणारा एखादा दादा भेटतो. तो पोराशी प्रेमाने बोलतो. घरात, शाळेत, शिकवणीत ज्याचं नाव फक्त ओरडण्यासाठी घेतलं जातं, त्या पोराला तो म्हणतो, ‘तू माझा खास.’ ही भूक समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दुसरी भूक धोक्याची. लोकलच्या दाराला एका हाताने लटकणारं, बाहेर झुकून खांबाला हात लावू पाहणारं पोरगं मूर्ख नसतं. त्याला धोका कळतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली ३०६ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की पुढे दामटायचं ते ठरवायचं. काहींनी एकट्याने खेळायचं, काहींनी मित्र बघत असताना. मित्र बघायला लागले की १३ ते १६ वयाच्या मुलांनी घेतलेली जोखीम खूप वाढली. २४ च्या पुढच्या माणसांवर मित्रांच्या नजरेचा तसा परिणाम दिसला नाही. या वयात मेंदूतला बक्षिसाला भुलणारा भाग जोरात असतो आणि लगाम धरणारा, कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला ‘धोका पत्करू नकोस’ असं सांगणं हे त्याला ‘वाढू नकोस’ असं सांगण्यासारखं आहे. धोका तो पत्करणारच. कुठला, कुणाच्या नजरेसमोर आणि कुणाच्या जबाबदारीवर, एवढंच आपल्या हातात उरतं.

हे मुंबईला फार आधीपासून माहीत आहे. शास्त्रज्ञांची वाट न पाहता तिने त्यावर एक उत्तरही काढलं आहे: गोविंदा पथक.

गुरुपौर्णिमेपासून रात्री सराव सुरू होतो. दिवसभर कुरिअर वाटणारा, गॅरेजमध्ये काम करणारा, नुसताच नाक्यावर बसणारा, सगळे नऊ-दहाच्या सुमारास मैदानात येतात. खाली बेस. खांद्यावर हात, मान खाली. त्यावर एकेक थर. सगळ्यात वरचा एक्का, त्याखाली दुर्री. खालच्या माणसाला वरचं काही दिसत नाही, त्याला फक्त वजन कळतं, आणि ते वजन थरथरायला लागलं तरी हलायचं नसतं. ज्या पोराला शाळेने ‘याच्यावर विसंबता येत नाही’ म्हणून काढून टाकलं, त्याच पोराच्या खांद्यावर वरचे थर उभे असतात. कुणी त्याला चारित्र्यावर व्याख्यान दिलेलं नसतं. तरी तो वेळेवर येतो, कारण तो आला नाही तर त्याची जागा रिकामी दिसते.

दहीहंडीत मुलं जखमी झाली, काही दगावली, आणि त्यावरून न्यायालयात वर्षानुवर्षं लढाई झाली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर १४ वर्षांखालच्या मुलांना थरांत न चढवण्याची मर्यादा ठरली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. बक्षिसांच्या लाखांच्या हंड्या, राजकीय पुढाऱ्यांचे फलक, डीजे यांनी या खेळाचं पुष्कळ नुकसान केलं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच्या गाभ्यात जे आहे ते मौल्यवान आहे: खरा धोका, ठरलेली जागा, रोजचा सराव, आणि आपल्यावर अवलंबून असलेलं दुसऱ्याचं शरीर. उणीव एकच. गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपतं. पोरगं पुन्हा नाक्यावर, पुढच्या गुरुपौर्णिमेपर्यंत.

प्रस्तरारोहण हे याच गाभ्याचं वर्षभर चालणारं रूप आहे, असं मला वाटतं.

कातळावर चढणारा कमरेला हार्नेस बांधतो. हार्नेसला आठाच्या गाठीने दोर. दोर वर जातो, कातळाच्या माथ्यावर पक्क्या केलेल्या अँकरमधल्या कॅराबिनरमधून वळतो आणि पुन्हा खाली येतो. खाली दुसरा माणूस उभा असतो. त्याच्या हार्नेसला एक छोटं धातूचं साधन, त्यातून तो दोर ओवलेला. चढणारा वर सरकला की खालचा ढील ओढून घेतो. चढणाऱ्याचा हात सुटला की खालचा दोर खाली दाबतो, साधनात दोराला घट्ट वळण बसतं आणि घर्षणाने तो जागच्या जागी थांबतो. याला गिर्यारोहक ‘बिले देणं’ म्हणतात. घर्षणाची किमया अशी की ४५ किलोचं पोरगं ७० किलोच्या माणसाला धरू शकतं. फक्त ते स्वतः वर उचललं जाऊ नये म्हणून त्यालाही मागे अँकर करतात, आणि शिकाऊ असेल तर दोराचं शेपूट धरून मागे एक अनुभवी माणूस उभा ठेवतात. दोर थोडा ताणणारा असतो, म्हणून झटका बसत नाही. चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांच्या गाठी, बकला, कॅराबिनरची फिरकी तपासायची, मग विचारायचं: ‘बिले ऑन?’ उत्तर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

लोकांना वाटतं, बिघडलेल्या पोराला डोंगरावर चढवलं की भीतीवर मात होते, आत्मविश्वास वाढतो, पोरगं सुधारतं. मी हे वेगळं पाहिलं आहे. कर्जतजवळच्या एका कातळावर, एका रविवारच्या शिबिरात, पंधरा वर्षांचं एक पोरगं सरसर चढून गेलं. वरून त्याने आरोळी ठोकली, खाली आला आणि उरलेल्यांची टिंगल करत बसला. भीती त्याला आधीही नव्हती. चढण्याने त्याच्यात काडीचाही फरक पडला नाही. दुपारी त्याच्या वस्तीतून मुलांबरोबर आलेल्या ताईंची चढायची पाळी आली. प्रशिक्षकाने बिले त्याच्याकडे दिला आणि स्वतः मागे शेपूट धरून उभा राहिला. ताई अर्ध्यात अडकल्या. पाय थरथरत होते. ते पोरगं वर बघत होतं, तोंड उघडं, आणि दोराची ढील बोटाएवढीही राहू देत नव्हतं. त्याचा मित्र काहीतरी बोलायला आला तर त्याने मान न वळवता त्याला हाकललं. मग वर ओरडला, ‘ताई, तू उतर बिनधास, मी हाय ना.’ त्या दिवसानंतर त्याचं आयुष्य पालटलं, असं मी म्हणणार नाही. पण ती पंधरा मिनिटं तो टिंगल करणारा पोरगा नव्हता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून साहसी शिबिरांचं खरं औषध उंचीत किंवा धाडसात शोधू नये. ते दोराच्या खालच्या टोकाला आहे. ज्याच्यावर कुणी विश्वास टाकत नाही त्याच्या हातात एक माणूस द्यायचा, आणि तो सांभाळतो की नाही हे त्याचं त्यालाच कळू द्यायचं.

ही कल्पना नवी नाही. कुर्ट हान हा १८८६ साली बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू शिक्षक. हिटलरला उघड विरोध केला म्हणून १९३३ मध्ये त्याला अटक झाली. सुटल्यावर तो ब्रिटनला गेला आणि १९३४ मध्ये त्याने स्कॉटलंडात गॉर्डनस्टन ही शाळा काढली. १९४१ मध्ये, महायुद्धात जहाजं बुडत असताना, लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाने एक विचित्र गोष्ट सांगितली. बुडालेल्या जहाजांच्या होड्यांत तरुण, धडधाकट खलाशी आधी मरत होते आणि वयस्क खलाशी जगत होते. पोरांकडे ताकद होती, पण थंडीत, पाण्यात, आशा नसताना टिकून राहण्याचा सराव नव्हता. हान आणि होल्ट यांनी वेल्समधल्या अॅबरडोव्ही गावी तरुणांसाठी २६ दिवसांची शाळा सुरू केली. तिचं नाव ‘आउटवर्ड बाउंड’, म्हणजे बंदर सोडून निघालेलं जहाज. समुद्र, डोंगर, बचावाचं काम. हानने पहिल्यापासून बचावपथकाच्या कामावर भर दिला, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मुलांना वाचवण्यासाठी त्याने मुलांकडे दुसऱ्याला वाचवायचं काम दिलं.

मग त्याचा उपयोग होतो का? यावर आकडे आहेत, आणि ते ना उत्साही लोकांना आवडतात, ना निराश लोकांना. सँड्रा विल्सन आणि मार्क लिप्सी यांनी २००० साली, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा त्या वाटेवर असलेल्या मुलांसाठीच्या रानावनातल्या कार्यक्रमांचे २८ अभ्यास एकत्र करून पाहिले. डोंगरावर जाऊन आलेल्यांपैकी २९ टक्के मुलं पुन्हा गुन्ह्याकडे वळली. न गेलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. म्हणजे शंभरातली आठ. आठ हा आकडा लहान वाटतो, पण मुलुंडच्या एका नाक्यावरची आठ पोरं डोळ्यासमोर आणली तर मला तो लहान वाटत नाही.

त्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी निघाल्या. ज्या कार्यक्रमांत शारीरिक आव्हान कडक होतं आणि जोडीला समुपदेशन होतं, कुटुंबाशी बोलणं होतं, त्यांचा परिणाम सर्वांत चांगला. आणि कार्यक्रम लांबवला की फायदा वाढतो, असं दिसलं नाही. उलट १० आठवड्यांपेक्षा लांबलेल्यांचा परिणाम कमीच होता. नुसतं रानात ठेवून काही होत नाही. त्याआधी, १९९७ मध्ये, जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी साहस-शिक्षणाचे ९६ अभ्यास तपासले होते. त्यांना आश्चर्य वाटलं ते याचं की बहुतेक शिक्षणाचा परिणाम काळाबरोबर ओसरतो, पण इथे शिबिर संपल्यानंतरही तो थोडा वाढत गेलेला दिसला.

याच कल्पनेची एक भयंकर बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत ‘बिघडलेल्या’ मुलांसाठी खासगी रान-छावण्यांचा धंदा फोफावला. आईबाप हजारो डॉलर भरत, छावणीची माणसं पोराला मध्यरात्री उचलून वाळवंटात नेत, उपाशी चालवत, आजारी पडला तर ‘नाटकं करतो’ म्हणत. अशा छावण्यांत मुलं मेली. उष्म्याने, पाण्याविना, उपचाराविना. २००७ मध्ये अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या मृत्यूंवर अहवाल संसदेपुढे ठेवला. या छावण्यांत डोंगर होता, चालणं होतं, आव्हान होतं. दोराचं दुसरं टोक मात्र नव्हतं. तिथे पोराच्या हातात कुणी काही सोपवलं नाही, त्याला फक्त मोडायचं होतं. उंच भिंत काढून उघडं वाळवंट आणलं, एवढाच फरक. आपल्याकडेही ‘व्यसनमुक्ती’च्या नावाखाली मारझोड करणाऱ्या जागा आहेत. साहस शिबिराच्या पत्रकावर ‘कडक शिस्त’ हे शब्द ठळक छापलेले दिसले की मी सावध होतो.

आपल्याकडची चांगली उदाहरणं वेगळ्या वाटांनी आली. मुंबईत १९९९ मध्ये मॅथ्यू स्पेसी या ब्रिटिश गृहस्थाने मॅजिक बस ही संस्था सुरू केली. सुरुवात रस्त्यावरच्या मुलांबरोबर रग्बी खेळण्यातून झाली. मुलांना बसमध्ये बसवून शहराबाहेर न्यायचं, खेळायचं, रानात राहायचं, त्यावरून संस्थेचं नाव पडलं. पुढे कर्जतजवळ तिचं शिबिर केंद्र उभं राहिलं. काम वाढत गेलं तसं तिने एक शहाणपण धरलं: एखाद्या सहलीने काही होत नाही, मुलाबरोबर वर्षानुवर्षं राहावं लागतं, आणि ते काम त्याच्याच वस्तीतला तरुण सर्वांत चांगलं करतो.

दुसरं उदाहरण चंद्रपूरचं. जिल्हा प्रशासन आणि आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ या नावाने आश्रमशाळांतल्या विद्यार्थ्यांना गिर्यारोहण शिकवलं. टप्प्याटप्प्याने निवड झाली, दार्जिलिंग आणि लडाखला सराव झाला, आणि मे २०१८ मध्ये दहा जणांच्या तुकडीतले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. याआधी तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळेची मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी, तेरा वर्षांची असताना, एव्हरेस्टवर पोचली होती. तो धागा चंद्रपूरने उचलला. ही मुलं गुन्ह्याच्या वाटेवरची नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यांच्यापुढचा धोका वेगळा होता: शाळा सुटणं, लवकर लग्न, मजुरी, विसरलं जाणं. मला त्या पाच जणांइतकाच, किंबहुना जास्त, अभिमान उरलेल्या पाच जणांचा वाटतो. ते तिथवर गेले आणि परत फिरले. परत फिरणं हा गिर्यारोहणातला सर्वांत अवघड निर्णय असतो, आणि ज्या पोराला नाक्यावर कधी ‘नको’ म्हणता आलेलं नाही त्याने शिकण्यासारखी दुसरी मोठी गोष्ट तीच आहे. नाक्यावरच्या पोरासाठी मात्र एव्हरेस्ट हा नमुना नव्हे. माथा एकच, पोरं पुष्कळ.

आता मुलुंड.

या उपनगराकडे या कामासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे, हे इथे राहणाऱ्यांनाही नेहमी आठवत नाही. चक्रम हायकर्स ही मुलुंडचीच संस्था, चार दशकांपासूनची. दर डिसेंबरात तिचा ‘सह्यांकन’ हा सह्याद्रीतला अनेक दिवसांचा ट्रेक निघतो. मुक्कामांवर आधीच पोचून तंबू लावणारे, भात शिजवणारे, वाट दाखवणारे सगळे स्वयंसेवक, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून येणारी माणसं. मुंबईतल्या गिरिभ्रमण संस्थांची परंपरा याहून जुनी आहे. गिरिविहार १९५४ पासूनची. याच परंपरेतल्या माणसांनी नवी मुंबईत २०१६ मध्ये गिर्यारोहणातल्या बोल्डरिंग या प्रकाराची विश्वचषक स्पर्धा भरवून दाखवली. कान्हेरी आणि मुंब्र्याच्या कातळांवर मुंबईच्या प्रस्तरारोहकांच्या पिढ्या घडल्या. म्हणजे शिकवणारे हात आहेत.

अंतरही फार नाही. मुलुंडहून ठाण्याला गाडी बदलून कसारा लोकल पकडली की आसनगाव. तिथून माहुली, ठाणे जिल्ह्यातला किल्ला, माथ्यावर वजीरसारखे सुळके. कर्जतच्या गाडीने नेरळ, तिथून पेबचा किल्ला. खर्च तिकिटाचा आणि डब्याचा. अडचण घरामागच्या डोंगराची आहे, कारण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग. परवानगीशिवाय आत जाणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. तिथे बिबट्याचं घर आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुलुंडच्या नाणेपाड्यात बिबट्या शिरून माणसं जखमी झाली, ते अजून अनेकांना आठवतं. पण परवानगी मागता येते, वनविभागाबरोबर पायवाटा साफ करता येतात, वणव्याच्या दिवसांत जाळरेषा काढायला हात लावता येतो. वस्तीतल्या पोराला बिबट्याबद्दल जे कळतं ते सोसायटीतल्या माणसाला कळत नाही. अंधारात कुठे उभं राहायचं नाही, कचरा कुठे साचला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागून काय येतं, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्याचं हे ज्ञान कुणी मागितलं, तर तेही दोराचं टोकच.

सुरक्षिततेत मात्र दयामाया नको. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. संस्थेची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, विमा, सगळं त्यात आहे. गरीब पोरांना फुकट नेतोय म्हणून जुना दोर चालेल, एक हेल्मेट दोघांत पुरेल, असा विचार ज्याच्या मनात येतो त्याने हे काम हातात घेऊ नये. पोराला ते लगेच कळतं. आपल्याला काय मोलाचं समजतात, हे तो सामानावरूनच ओळखतो.

आणि रविवारनंतरचा सोमवार. रात्रीच्या गाडीने मुलुंडला उतरलेलं पोरगं, अंगाला कातळाची धूळ, पुन्हा त्याच नाक्यावरून घरी जातं. तिथे तो दादा असतोच. मंगळवारी, गुरुवारी कुणीतरी त्याला विचारायला हवं, शाळेचं काय झालं, आईचं औषध आणलंस का, रुमाल सुटला का. हे काम शिबिराच्या छायाचित्रांत येत नाही आणि त्यासाठी देणग्याही मिळत नाहीत. समुपदेशक, वस्तीतली ताई, रात्रशाळेचा शिक्षक, गोविंदा पथकाचा जुना कप्तान, यांतलं कुणी डोंगरावर पोरांबरोबर आलेलं असेल तरच ते पुढे चालतं. डोंगरावर एक आणि वस्तीत दुसरा, असं झालं की दोर मधेच तुटतो.

या मधल्या दिवसांसाठी गिर्यारोहकांकडे एक साधी वस्तू आहे, जी मला कुठल्याही पदकापेक्षा उपयोगी वाटते: दोराची वही. प्रत्येक दोराची स्वतंत्र वही असते. कधी घेतला, कुठे वापरला, कितीजण चढले, कुणी पडलं का, दोर धारदार कडेवर घासला का. न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनी बाद करतात, म्हणून ही तारीख महत्त्वाची. दर वेळी परत आल्यावर दोर पूर्ण सोडायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांखालून सरकवायचा. कुठे मऊ लागतो का, चपटा लागतो का, वरचं आवरण उसवलंय का. मग तारीख घालून सही. ज्या पोराचं नाव आजवर हजेरीपटावर लाल शाईत आणि क्वचित पोलीस ठाण्याच्या नोंदीत चढलं, त्याच्याकडे ही वही द्यायची. त्याच्या सहीवर पुढच्या रविवारी बाराजण लटकणार आहेत हे त्याला एकदाच सांगायचं. सोमवारी संध्याकाळी, नाक्यावर जायच्या वेळेला, त्याला बोलवायचं. साठ मीटरचा दोर तपासायला नवख्याला अर्धा तास लागतो. त्याला घाई करू द्यायची नाही.